आवाज तिचा, निरोप चोरांचा

ती दुपार आठवली की आजही माझा हात आपोआप टेबलाच्या खणातल्या पत्त्यांच्या कॅटकडे जातो. घरातले हसतात. पोलिसात उभी हयात काढली, दरोडे पाहिले, खून पाहिले, दंगलीत डोक्यावर वीट झेलली. तरी कोणी आवडती केस विचारली की मी मोटारचोरीची केस सांगायला बसतो. मोटार म्हणजे गाडी नव्हे, विहिरीवरची पाण्याची मोटार. नावे कोणाचीच घेणार नाही, कारण शिक्षा भोगून आलेले लोक आता आपापल्या धंद्याला लागले आहेत.

मी तेव्हा बऱ्हाणपूरच्या एका ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाणेदार, होतो. वैशाख तापला होता आणि जसोंडीच्या बाजूला केळीच्या बागांमधून मोटारी नाहीशा होत होत्या. केळीला वैशाखात पाण्याची ओढ बसली की घड तिथेच माना टाकतो. त्यामुळे नव्या मोटारीची वाट पाहण्याइतका वेळ कोणाकडे नव्हता. रोज सकाळी ठाण्यात कोणी ना कोणी तुटक्या केबलचे टोक घेऊन उभा असे. एकाने तर ते टोक माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "साहेब, आता बागेले पाणी काय तुमच्या ठाण्यातून देऊ?" त्याच्या बोलण्याचा मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

खबर दिली ती फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने. तो आमचा जुना खबऱ्या. त्याचे डोळे कायम टायरवर. तो म्हणाला, "साहेब, केळीच्या पाल्याचा एक ट्रक येतो. वरून नुसता पाला दिसतो, पण टायर पार बसेल असतात. पाल्यानं कधी टायर दबते का?" माल इच्छापुरावरून महाराष्ट्रात जातो आणि ट्रक त्या दुपारी पुन्हा निघणार आहे, एवढे त्याने कानावर घातले. मी लगेच एसपी साहेबांची परवानगी घेतली आणि इच्छापूरच्या आसपास तीन ठिकाणी नाकाबंदी लावली. एक पॉइंट मोठ्या रस्त्यावर, दोन बागांमधून सीमेकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर.

दुपारी मी स्वतः जीप घेऊन निघालो. इच्छापूरच्या नाक्यावर पोहोचलो तर बॅरिकेड रस्त्याच्या कडेला आणि पॉइंटवर माणूस नाही. पुढच्या दोन्ही पॉइंटवर तेच. चहाच्या टपरीवर विचारले तेव्हा टपरीवाला सहज म्हणाला, "पाल्याचा ट्रक? आत्ताच तं गेला ना." हातातोंडाशी आलेला ट्रक सीमेपलीकडे गेला होता. मी जीपच्या बॉनेटवर अशी मूठ आपटली की ड्रायव्हर दचकला.

पॉइंटवरचे लोक परतीच्या वाटेवर भेटले. सगळ्यांचे एकच उत्तर: कंट्रोलचा मेसेज आला, नाकाबंदी संपली, परत फिरा. कोणत्या ऑपरेटरचा आवाज, असे विचारले. सगळ्यांनी एका सुरात सांगितले, "मॅडमचा."

इथे वायरलेसबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. कंट्रोलवरून एकाच पॉइंटला निरोप आला तर तो पॉइंट 'रोजर' म्हणतो आणि शंका असली तर उलट विचारतो. पण 'सभी पॉइंट, सभी पॉइंट' अशी हाक आली की कोणी उत्तर द्यायचे नसते. ऐकायचे आणि करायचे. सगळे एकदम बोलायला लागले तर सेटवर नुसती शिट्टी वाजते आणि कोणाचेच काही ऐकू येत नाही. ही पद्धत ट्रेनिंगपासून आमच्या अंगवळणी पडलेली. शिवाय सीमेकडच्या त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज असली तर असली. निरोप खरा का खोटा हे कोणी कोणाला विचारलेच नाही, आणि कंट्रोललाही आपल्या नावाने कोणी बोलल्याचा पत्ता लागला नाही.

आता मॅडमविषयी. त्या कंट्रोल रूमच्या प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार. कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या. वडील महाराष्ट्रातून नोकरीसाठी आले आणि कारखान्यातूनच निवृत्त झाले. जिल्ह्यातला शेवटचा शिपाईसुद्धा त्यांचा आवाज ओळखत असे, आणि नेमकी तीच ओळख आता त्यांच्यावर उलटली. त्या वेळी कंट्रोलमध्ये त्या एकट्या होत्या. बोलणे टेप करणारे यंत्र बंद पडलेले होते आणि दुरुस्तीचा अर्ज कुठेतरी फिरत होता. संध्याकाळच्या आत त्या लाइन अटॅच झाल्या, म्हणजे काम काढून घेऊन पोलीस लाइनीत हजेरीला बसवल्या गेल्या. चोरांनी तिला फोडली, असे लोक उघड बोलू लागले.

चौकशी माझ्याकडे आली. मी दार उघडे ठेवले, शेजारी महिला उपनिरीक्षक बसवली आणि सुरुवात केली.

"मेसेज तुम्ही दिला?"

"नाही साहेब."

"तिन्ही पॉइंटचे लोक तुमचा आवाज होता म्हणतात."

"म्हणत असतील. त्यांचं काय चुकलं? पण मी नाही बोलली."

"मग कोण बोललं?"

"ते मला माहीत असतं तर मी इथं बसली असती का, साहेब?"

मी तोच प्रश्न उलटसुलट करून विचारला. खोटे बोलणाऱ्या माणसाकडे कारणांची पोतडी तयार असते: सेट खराब होता, तब्येत बरी नव्हती, अमक्याने सांगितले. या बाईंकडे एकही कारण नव्हते. मी जे विचारीन त्याला सरळ उत्तर, तेवढेच. शेवटी मात्र त्यांचा बांध फुटला. "साहेब, नोकरीचं जे होईल ते होईल. पण पप्पा कॉलनीत संध्याकाळी फिरायला जायचे, ते आता घरातून निघत नाही. लोक त्यांना बघून बोलणं थांबवताय." बाहेर बाकावर ते गृहस्थ मुलीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

एसपी साहेब तरुण होते, सरळ होते, पण कागदाला कागद लावून पाहणारे होते. ते म्हणाले, "टीआई साहब, गवाह सब उनके खिलाफ हैं. अगले हफ्ते फाइल भोपाल जाएगी. तब तक कुछ मिले तो बताइए." फाइल भोपाळला गेली की बडतर्फी, हे मला माहीत होते आणि मॅडमनाही.

मी पॉइंटवरच्या लोकांचे जबाब पुन्हा घ्यायला बसलो. दोन कच्च्या रस्त्यांपैकी कालव्याच्या रस्त्यावर एक वयस्क हवालदार होते, तुकईथडचे. आमच्याकडे हवालदाराला दिवाणजी म्हणतात. बोलायला लागले की थांबत नसत, म्हणून पहिल्या वेळी कोणी त्यांचे पूर्ण ऐकले नव्हते. मी चहा मागवला आणि म्हणालो, "दिवाणजी, मेसेज जसा ऐकला तसा सांगा. घाई नाही."

"साहेब, सबी पॉइंट, सबी पॉइंट, नाकाबंदी समाप्त, नाका खोल दें, अपने अपने थाने लौटें. बस. आन् मॅडमचा गळा बसेल होता. मी बोल्लो पण बाजूवाल्याले, मॅडमले सर्दी झाली वाटते, गरम पाणी प्याले पायजे."

मी कप खाली ठेवला. निघण्यापूर्वी त्याच दुपारी मी मॅडमशी सेटवर बोललो होतो आणि त्यांचा आवाज घंटेसारखा स्वच्छ होता. मग बसलेला गळा कुठला? आणि एकदम आठवले. चैत्रात इच्छादेवीच्या जत्रेत बंदोबस्ताचा तात्पुरता कंट्रोल मांडवात होता. हरवलेली माणसे, गर्दी, गाड्या, सगळे मॅडमच सांभाळत होत्या. शेवटच्या दिवशी त्यांचा घसा पार फाटला होता. मीच त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितले होते. आणि जत्रा संपताना त्यांनी सर्व पॉइंटना हाच निरोप दिला होता, शब्दाला शब्द.

म्हणजे आवाज त्यांचाच होता आणि शब्दही त्यांचेच, पण जत्रेतले. कोणीतरी ते टेप करून ठेवले होते आणि नाक्याजवळून लहानशा सेटवर वाजवले होते. सेट इतका दुबळा की जवळच्या पॉइंटना ऐकू जावे आणि बऱ्हाणपूरला जाऊ नये. मी खुर्चीतून उठून दिवाणजींना मिठीच मारली. त्यांना वाटले साहेबांना उन्हाचा चटका बसला.

एसपी साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. "मान लिया. लेकिन गले के भरोसे फाइल नहीं रुकेगी. साबित कीजिए." त्यांचेही खरे होते. साबित करायचे तर चोरांनी तोच डाव पुन्हा टाकायला हवा, आणि या वेळी आमच्या लोकांना तो ओळखता यायला हवा.

सोपा उपाय म्हणजे परवलीचा शब्द. पण चोर आमचा सेट ऐकत होते. शब्द एकदा हवेत गेला की तो आमच्याइतकाच त्यांचाही. मी याच विचारात पोलीस लाइनीतून चाललो होतो. निंबाखाली सुट्टीवरचे शिपाई पत्ते कुटत बसले होते. एकाने हुकमाची, म्हणजे आमच्याकडे इस्पिकाची, नव्वी आपटली, दुसरा ओरडला, "अरे, नव्वी तं केव्हाच पडली." पडलेले पान पुन्हा पडू शकत नाही. मी तिथेच उभा राहिलो. शिपायांना वाटले आता शिव्या पडणार, आणि मी विचारले, "कॅट कुठून आणला?"

दुसऱ्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर पत्त्यांचे कॅट पसरले होते. मॅडम, त्यांचे वडील आणि मी. एक कॅट चांगला पिसला आणि बाकीचे सगळे त्याच क्रमाने लावले. बायकोने पाण्याचे पेले ठेवता ठेवता विचारले, "रिटायर व्हायच्या आधीच सुरू का?" मॅडमचे वडील त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

तिन्ही पॉइंटवर एकेक कॅट गेला. नियम असा की कंट्रोलच्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'निशानी' म्हणून एक पान सांगितले जाईल. ते आपल्या कॅटमधल्या सर्वात वरच्या पानाशी जुळले तर निरोप खरा. मग ते पान खाली सरकवायचे. जुळले नाही तर निरोप खोटा. तेव्हा सेटवर अवाक्षर काढायचे नाही. बॅरिकेड बाजूला करायचे, पॉइंट उठल्याचे दाखवायचे आणि केळीत शिरून बसायचे. एसपी साहेबांना सांगून मी मॅडमना रोज सकाळी एका मेसेजपुरते माइकवर बसवले. एकच मेसेज, एकच पान. ऐकणाऱ्या चोरांना वाटावे की ही त्या त्या दिवसाची परवली आहे आणि दिवसभर चालते. याच समजुतीवर माझा सगळा जुगार होता.

पहिल्याच दिवशी घोळ. मेसेज साधा होता, बॅरिकेड पुढे सरकवा. दोन पॉइंटनी सरकवले, आणि कालव्याचा पॉइंट मोकळा करून दिवाणजी आपल्या माणसांसह केळीत गडप. मी धावत गेलो. दिवाणजी पाल्यातून डोके बाहेर काढून कुजबुजले, "साहेब, बोगस मेसेज. मॅडम बोलते चौकटची पंजी, आन् इथं तं किलवरचा राजा हाये."

"दिवाणजी, खरं सांगा. या कॅटने खेळलात?"

ते पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. "एकच डाव, साहेब. टाइमच जात नव्हता ना. पण परत तसाच लावून ठेवला, आठवून आठवून."

बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या हातात कोरा कॅट द्यायचा आणि त्याने तो खेळू नये अशी अपेक्षा करायची, हे मांजरापुढे दूध ठेवून राखणीला बसवण्यासारखेच होते. मी कॅट पुन्हा लावला, दोऱ्याने बांधला आणि प्रत्येक पॉइंटला खेळायला वेगळा जुना कॅट दिला. त्यानंतर घोळ झाला नाही.

फाइल जायची वेळ जवळ आली होती. अशात एका सकाळी पंक्चरवाल्याचा फोन आला. "साहेब, पाला भरून ऱ्हायले. टायर पुन्हा बसेल हाये." माझ्या अंगात वारे शिरले. मॅडमनी सकाळचा मेसेज दिला, निशानी लाल पान की रानी, म्हणजे बदामाची राणी. मग साध्या कपड्यांत त्यांना, एसपी साहेबांना आणि एक हातातला सेट घेऊन मी खासगी गाडीने इच्छापूरजवळच्या एका बागेत जाऊन बसलो. बागवाल्याने एसपी साहेबांसाठी खुर्ची आणून ठेवली होती.

ऊन रणरणत होते. केळीचे पान हलत नव्हते. मॅडम पाण्याची बाटली हातात घेऊन उभ्या होत्या, बसायला तयार नव्हत्या. मी म्हणालो, "बसा, येतील ते." त्या म्हणाल्या, "आणि नाही आले तर, साहेब?" त्यांनी बाटली तोंडाला लावली आणि त्याच क्षणी सेट खरखरला.

"सभी पॉइंट, सभी पॉइंट. नाकाबंदी समाप्त. नाका खोल दें, अपने अपने थाने लौटें."

मॅडमचा आवाज. घोगरा, फाटलेला, जत्रेतला. मग बारीकशी टिक झाली आणि तोच आवाज एकदम स्वच्छ: "निशानी, लाल पान की रानी."

मॅडम आमच्यासमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडात पाण्याचा घोट होता. तो गिळायचेही त्यांना सुचले नाही. एसपी साहेबांनी सेटकडे पाहिले, मॅडमकडे पाहिले, पुन्हा सेटकडे पाहिले. मग ते उठले, आपली खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "आप बैठिए." माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी लपवत नाही.

पण अजून ट्रक यायचा होता. राणी सकाळीच पडली होती. तिन्ही पॉइंटच्या कॅटवर आता वरचे पान होते चिडीची, म्हणजे किलवरची, सत्ती. आमच्या लोकांनी ते पाहिले का? जुळत नाही हे ओळखले का? सेटवर विचारायची सोय नव्हती. बागेच्या कडेने पाहिले तर कालव्याचा रस्ता मोकळा झाला होता आणि माणसे दिसत नव्हती. ती खरेच घरी निघाली की केळीत शिरली, हे सांगता येत नव्हते. तेवढ्यात धूळ दिसली. पुढे एक पांढरी कार, मागे पाल्याचा ट्रक. दोन्ही गाड्या आमच्यासमोरून कालव्याच्या रस्त्याला लागल्या.

मी सेट मॅडमच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबले आणि असा आवाज लावला की मी तसा पूर्वी कधी ऐकला नव्हता. "सभी पॉइंट, सभी पॉइंट, कंट्रोल से. कालव्याचा..." इतके मराठीत निघून गेले, मग त्या सावरल्या. "नहर वाला रास्ता दोनों तरफ से बंद करें. निशानी, चिड़ी की सत्ती."

आणि केळीची बाग उठली. पानांमधून खाकी वर्दीच वर्दी. पुढे दिवाणजी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात चिडीची सत्ती उंच धरलेली. बॅरिकेड रस्त्यावर आडवे झाले. मागे दुसऱ्या पॉइंटने जीप आडवी लावली. ट्रकचा ड्रायव्हर उडी मारून पळाला आणि थेट कालव्यात पडला. पाल्याखाली मोटारी रचलेल्या होत्या आणि काहींवर मालकांनी रंगाने लिहिलेली नावे तशीच होती.

कारमध्ये एकटाच माणूस होता. मांडीवर लॅपटॉप, शेजारच्या सीटवर छोटा वायरलेस सेट. लग्नात डीजे लावणारा, शहरातला. त्याला पळायला संधी होती, पण तो पळाला नाही. का, ते त्याने ठाण्यात स्वतःच सांगितले. मॅडमचा तो शेवटचा मेसेज सेटवर आला तेव्हा त्याला वाटले लॅपटॉप आपोआप चालू झाला, आणि तो बंद करण्यासाठी बटणे दाबत बसला. "साहब, आवाज तो वही थी ना."

त्याची विचारपूस करायला कष्ट पडले नाहीत. त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. जत्रेत भजनांचे साउंड त्याचे होते आणि त्याचे टेबल आमच्या मांडवाला खेटून होते. भजने टेप करता करता मॅडमचा आवाजही येत गेला. मोटारवाल्या टोळीत त्याचा मेहुणा होता. मेहुण्याने नाक्यांचे रडगाणे गायले आणि याला ते टेप आठवले. मी विचारले, "पत्ता रोज बदलतो हे कळलं, मग एका पत्त्यावर दिवसभर विसंबलास कसा?" तो म्हणाला, "रोज एक ही पत्ता बोलती थीं मैडम. मैं समझा, आज का पासवर्ड है."

लाइन अटॅचचा आदेश त्याच संध्याकाळी रद्द झाला. एसपी साहेबांनी तो कागद मॅडमच्या हातात न देता बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मुलीला म्हणाले, "चल, आज फिरायला उशीर झाला." जसोंडीचे लोक दुसऱ्या दिवशी मोटारी ओळखायला आले, तेव्हा केबल टेबलावर ठेवणारा तो शेतकरी केळीचा अख्खा घड घेऊन आला होता. जप्तीचा पंचनामा करता करता आम्ही तो संपवला.

या केसने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. एकट्याला आलेला निरोप माणूस विचारून घेतो. तोच निरोप सगळ्यांना एकदम आला की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने विचारले असेल. आज मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मी हेच रोज पाहतो. आवाज ओळखीचा आहे, शब्द बरोबर आहेत, एवढ्यावर लोक पळत सुटतात. निरोप कोणाचा आहे याबरोबर तो आत्ताचा आहे का, हेही विचारायला हवे. आणि ज्याच्या नावाने खोटा निरोप फिरला, त्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा थांबायला हवे.

केस संपल्यावर ते कॅट परत आले. दिवाणजींचा इतका मळला होता की तो त्यांनाच दिला. उरलेल्यांपैकी एक मॅडमनी मागून घेतला, एक मी ठेवला, दोन्ही अजून त्याच क्रमाने लावलेले.

परवा दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "साहेब, मी बोलते." आवाज मॅडमचाच. मी पानाची वाट पाहत राहिलो. हल्ली तर यंत्रेच कोणाचाही आवाज काढतात. पलीकडून हसू आले. "बरं बरं. निशाणी, हुकमाचा गुलाम."

मी खण उघडला आणि कॅटवरचे पान उलटले. हुकमाचा गुलामच होता. त्यांना बढती मिळाली होती, जिल्ह्यातल्या सगळ्या नव्या ऑपरेटरना शिकवायचे काम आता त्यांच्याकडे आले होते, आणि ते त्यांना सर्वात आधी मला सांगायचे होते. पण तो निरोप मला नंतर कळला. त्याआधी मी गुलाम कॅटच्या तळाशी सरकवला आणि म्हणालो, "हं मॅडम, आता बोला."